प्रश्नावलीत आईने नेमकं काय सांगायचं?

प्रश्न: माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. असेसमेंटला मी आणि सासूबाई दोघी गेलो होतो, मी एक सांगत होते, त्या म्हणाल्या घरी तर सगळं नीट करतो. स्कोअर ११२ आला, मॉडरेट म्हणाले. आता परत बोलावलंय. ओळखीच्या बायका म्हणतात वाढवून सांग, अपंगत्वाचे टक्के जास्त मिळतील. काय करू?
- एक आई, नाशिक

उत्तर: ताई, वाढवूनही सांगू नका आणि झाकूनही नका. तुमच्या मुलाची झाली ती बहुतेक आयएसएए (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम), म्हणजे आपल्याकडची ऑटिझमची सरकारी चाचणी, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली. त्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. बऱ्याच सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं आणि ते ७० गुणांपासूनच धरतात, म्हणजे तुमचे ११२ त्याच्या कितीतरी वर आहेत, त्यासाठी खोटं बोलायची गरजच नाही. शिवाय ते नुसतं तुमचं ऐकत नाहीत, मुलाशी खेळून बघतातही.

गुण ठरतात ते एखादं लक्षण किती वेळा दिसतं यावर, आणि सगळा घोळ इथेच होतो. 'नजरेला नजर देतो का' विचारलं की आपण म्हणतो देतो की कधीकधी, पण ते कधीकधी म्हणजे दहातून दोनदा की सहादा? दोनदा असेल तर न देण्याचे गुण जास्त पडणार, सहादा असेल तर कमी. म्हणून आकड्यात सांगा. सासूबाईही खोटं बोलत नाहीयेत हो, घरी त्याने मागायच्या आधीच पाणी हातात मिळतं, टीव्हीचा आवाज कमी केलेला असतो, रोजचीच माणसं, मग अडणार कुठे? हे आपण आयांनी इतक्या प्रेमाने केलेलं असतं की आपल्यालाही दिसत नाही. तेव्हा तुमच्या मदतीशिवाय काय होतं ते आधी सांगा, मग मदत केल्यावर काय होतं ते. दोन्ही सांगायचंच.

जायच्या आधी आठवडाभर वहीत लिहा, हाक मारल्यावर किती वेळा वळला, मिक्सरच्या आवाजाला काय केलं, तेच वाक्य किती वेळा म्हणाला. लग्नाच्या हॉलमधला एक वाईट दिवस किंवा मामाकडचा एक छान दिवस धरून उत्तर देऊ नका, साधा मंगळवार सांगा. दोघींची उत्तरं वेगळी आली तर वेगळीच राहू द्या, तिथे भांडू नका, शाळेतल्या बाईंनाही विचारून लिहून घ्या.

आणि नुसता एकूण आकडा घेऊन येऊ नका. सहा भाग असतात, सामाजिक, भावनिक, बोलणं, वागणूक, संवेदना, आकलन, प्रत्येकात किती आले ते मागून घ्या. बोलण्यात जास्त असतील तर स्पीच थेरपी, संवेदनेत असतील तर ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आधी कशावर भर द्यायचा हे थेरपिस्टला त्यावरून बोलता येतं.