अहोसी म्हणजे नुसत्या 'राजाच्या बायका' नव्हेत

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतल्या डाहोमी राज्यात फ्रेंचांशी लढलेल्या स्त्रियांना मराठीत काय म्हणावं : ॲमेझॉन, वीरांगना की रणरागिणी? त्या 'राजाच्या बायका' होत्या असंही वाचलं, ते खरं का?

उत्तर : 'ॲमेझॉन' आधी बाद करा. ग्रीक पुराणकथांतला हा शब्द युरोपी पाहुण्यांनी त्यांना चिकटवला. 'अ + माझोस', म्हणजे 'स्तन नसलेली', ही त्याची व्युत्पत्ती ग्रीकांनीच मागाहून जुळवली आणि धनुष्य ओढायला अडचण नको म्हणून एक स्तन जाळत, ही गोष्ट तिला जोडली. खुद्द ग्रीक चित्रकारांनी मात्र ॲमेझॉन दोन्ही स्तनांसह रंगवल्या. तरी आपल्याकडच्या लेखांत ही कथा हमखास येते, आणि तीही डाहोमीच्या नावावर!

'वीरांगना' चालेल, 'वी' दीर्घ. 'विरांगना' लिहिणारे परवडले. घाईत 'वारांगना' छापणाऱ्यांनी एकदा कोश उघडावा.

आता त्या 'बायका'. तिथली भाषा फोन (हे भाषेचं नाव, दूरध्वनी नव्हे). फोनमध्ये 'अहोसू' म्हणजे राजा, 'असी' म्हणजे बायको, म्हणून 'अहोसी' म्हणजे राजाच्या बायका. इथवर सगळे येतात आणि इथेच थांबतात. पण याच भाषेत 'वोदूनसी' असाही शब्द आहे. वोदून म्हणजे देवता. तिची दीक्षा घेतलेला तो वोदूनसी, मग तो पुरुष का असेना! म्हणजे या 'सी'चा अर्थ संसार थाटलेली पत्नी एवढाच नाही. एखाद्याच्या नावानं बांधलेलं, त्याच्या सेवेत गेलेलं माणूस असाही आहे. राजवाड्यातले खोजेसुद्धा अहोसींतच मोडत. खंडोबाची मुरळी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे फोड करून सांगायला नको. या सैनिक स्त्रिया रीतीनं राजाच्या बायका होत्याच, पण त्यांना ब्रह्मचर्य पाळावं लागे. त्यांचं 'राण्या' असं भाषांतर करणाऱ्या विद्वानांनी एवढं तरी पाहायचं!

माझं ऐकाल तर अहोसीला मराठीत एकच जोड आहे : हुजुरात. सरदारांच्या पथकांहून वेगळी, थेट धन्याच्या हुकमातली फौज. पानिपतावर भाऊसाहेबांबरोबर मधोमध होती ती. 'हुजूर' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ समक्षता, सान्निध्य. डाहोमीच्या या स्त्रिया राजधानी अबोमेच्या राजवाड्यातच राहत आणि रात्री वाड्यावर पहाराही त्यांचाच असे. 'हुजुरातीच्या स्त्रिया' म्हटलं की नातं, जागा आणि काम तिन्ही आलं. कोणाला हे ओढूनताणून वाटेल. त्यांनी 'राण्या'च लिहावं आणि मग १८९२ सालच्या फ्रेंचांशी झालेल्या युद्धाला 'राण्या मैदानात उतरल्या' असे मथळे द्यावेत. उतरल्या कसल्या? गेझो राजाच्या काळापासून (१८१८ ते १८५८) ती मोठी कायमची फौज होती. सरावात काटेरी झुडपांचे ढीग अनवाणी ओलांडायला लावत.

पथकांची नावं पाहा. 'गुलोहेन्तो' बंदूकवाल्या, 'न्येक्प्लोहेन्तो' भल्यामोठ्या घडीच्या वस्तऱ्यावाल्या. 'हेन' म्हणजे धरणं, 'तो' हा कर्तृवाचक प्रत्यय. म्हणजे सरळ आपलं '-धारी'. सैन्यात त्यांना 'मिनो' म्हणत, 'आमच्या आया'. यातला 'मि' म्हणजे 'आमचा'. आपल्या 'मी'शी त्याचा काडीचा संबंध नाही. अबोमे, दान्होमे (डाहोमीचं मूळ फोन नाव) यांतला 'मे' म्हणजे 'आत' हे खरं, पण त्यावरून 'मध्ये'पर्यंत धावणाऱ्यांनाही हात जोडून विनंती.

राहिली 'रणरागिणी'. संस्कृतात राग म्हणजे रंग, ओढ, आसक्ती, धातू रञ्ज्. रणात जिचं मन रंगतं ती रणरागिणी. संताप हा अर्थ मराठीत रूढ झाला, त्यामुळे 'रागानं पेटलेली रणरागिणी' लिहिणारा शब्दाचं नुकसान करतो. ४ मार्च १८९० च्या पहाटे कोटोनू बंदरातल्या फ्रेंच तटबंदीवर त्या चालून गेल्या, १८९२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात डोग्बा आणि अडेगोनला लढल्या. फ्रेंचांच्या लेबेल बंदुकांची संगीन यांच्या पात्यांहून लांब पोचायची; हातघाईत तिथे घात झाला. १७ नोव्हेंबरला फ्रेंच सेनापती डॉड्स अबोमेत शिरला तेव्हा बेहांझिन राजानं वाडा पेटवून दिलेला होता. यात नुसता संताप शोधू नका. आणि नुसतं स्वातंत्र्यप्रेमही नको : हीच फौज १८५१ आणि १८६४ साली अबेओकुटाच्या (आजच्या नायजेरियातलं शहर) एग्बा लोकांवर चालून गेली होती, आणि अशा स्वाऱ्यांत माणसं धरून आणून गुलाम म्हणून विकली जात.

नेमका शब्द हवा तर 'अगोजिये' हे त्यांचं फोन नाव लिहा. एकदा 'डाहोमीची स्त्री-फौज' अशी ओळख दिली की पुढे तेच चालवा, तिरप्या ठशाशिवाय.