जज होणार म्हणून प्रॅक्टिस थांबवलीत, वकीलसाहेब, ती आधी सुरू करा

हायकोर्टाच्या एका खंडपीठात तेवीस वर्षं प्रॅक्टिस करणाऱ्या वकीलसाहेबांचं पत्र आलंय, नाव आणि खंडपीठ गाळून थोडक्यात सांगतो. वय ४९. सात महिन्यांपूर्वी एलिव्हेशनसाठी, म्हणजे हायकोर्टाचे न्यायमूर्ती होण्यासाठी, विचारणा झाली, त्यांनी संमती दिली, नाव पुढे गेलं. ऑफिसचा खर्च वजा जाता वर्षाला साधारण ६० लाख कमावत होते. घराचं कर्ज १ कोटीच्या घरात बाकी, व्याज साडेआठ टक्के, ईएमआय १ लाख ३५ हजार, अजून नऊ वर्षं. मुलगी बाहेरगावी शिकतेय. प्रश्न असा: "न्यायमूर्ती झाल्यावर उत्पन्न कमी होणार, म्हणून बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने विम्याचा गॅरंटीड इन्कम प्लॅन सुचवलाय. वर्षाला १२ लाख, सात वर्षं भरायचे, नववं वर्ष संपलं की पुढे २० वर्षं दरसाल ९ लाख ६० हजार मिळणार. फॉर्म भरलाय, चेक द्यायचा बाकी आहे. घेऊ का?"

नाही. चेक देऊ नका.

८४ लाख भरून १ कोटी ९२ लाख मिळतात हे ऐकायला छान वाटतं, पण पैसे किती वर्षं अडकून पडतात ते धरून हिशोब केला तर परतावा पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतो, बस. तोही कर धरण्याआधी, कारण १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा एकूण प्रीमियम ५ लाखांच्या वर गेला की मिळणारा पैसा करमुक्त राहत नाही, आणि हे त्या मॅनेजरने तुम्हाला सांगितल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. तुम्ही स्वतः साडेआठ टक्क्यांनी कर्ज फेडताय. साडेआठने घ्यायचं आणि पावणेसहाने लावायचं, हे कोणी अशिलाने केलं असतं तर तुम्हीच त्याला हाताला धरून थांबवलं असतं.

आणि मुळात पेन्शनसाठी प्लॅन? हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना पेन्शन असते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच केलं की हायकोर्टाच्या सगळ्या निवृत्त न्यायमूर्तींना पूर्ण पेन्शन, बारमधून (वकिलीतून) आले असोत की जिल्हा न्यायालयातून, कायम असोत की अतिरिक्त, वर्षाला १३ लाख ५० हजार, मुख्य न्यायमूर्तींना १५ लाख. त्यावर महागाई भत्ता वेगळा. म्हणजे महिन्याला १ लाख १२ हजार ५०० मूळ पेन्शन, वर भत्ता, आणि तुम्ही ६२ व्या वर्षी निवृत्त व्हाल तोपर्यंत तुमचं कर्ज फिटून चार वर्षं झालेली असतील. जी गोष्ट सरकार देणारच आहे ती १२ लाखांचे हप्ते भरून पुन्हा कशाला विकत घ्यायची?

आता पगाराचं बघू, कारण तुमची भीती तिथे आहे. मूळ पगार महिना २ लाख २५ हजार, १ जानेवारी २०१६ पासून. त्यावर महागाई भत्ता, तो आता मूळ पगाराच्या निम्म्याच्या वर गेलाय, म्हणजे दोन्ही मिळून साडेतीन लाखांच्या आसपास. पगारावर कर लागतो, तो जाऊन हातात २ लाख ८० हजार धरा. राहायला सरकारी घर आणि गाडी, त्या सोयींवर कर नाही. एक लक्षात ठेवा, या पगाराला दरवर्षीचं इन्क्रिमेंट नसतं, कायदा बदलला की मूळ पगार बदलतो, मधल्या काळात फक्त भत्ता वाढतो. (१९५० साली घटनेतच ३,५०० रुपये लिहिले होते आणि १९८६ पर्यंत ते तेवढेच राहिले, त्या काळात चांगली प्रॅक्टिस सोडून खंडपीठावर गेलेल्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.)

तुमचा खर्च: ईएमआय १.३५, घर आणि मुलगी मिळून १ लाख, जुन्या पॉलिसींचे वर्षाला ४ लाख म्हणजे महिन्याला ३३ हजार. एकूण २ लाख ६८ हजार. हातात २ लाख ८०. बसतं, ओढाताण होईल पण बसतं. यात महिन्याला १ लाखाचा नवा प्रीमियम घातला की काहीच बसत नाही. म्हणजे उत्पन्न कमी होणार म्हणून घेतलेला प्लॅनच तुम्हाला दर महिन्याला ८८ हजारांच्या खड्ड्यात ढकलणार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. पण पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय ते वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. "संमती दिल्यापासून नवीन मॅटर घेणं बंद केलंय, चालू मॅटर दोन ज्युनिअर्सना दिली. कारकून रोज येतो, फाईलींवरची धूळ झटकतो, गठ्ठ्यांच्या लाल फिती पुन्हा बांधतो आणि पाच वाजता घरी जातो."

वकीलसाहेब, ही खरी चूक आहे, प्लॅन त्यापुढे किरकोळ आहे.

सात महिन्यांत तुम्हाला ३५ लाख मिळायला हवे होते. मिळाले ९, तेही जुन्या फीचे. म्हणजे २६ लाख गेले, त्या प्लॅनच्या दोन वर्षांच्या प्रीमियमपेक्षा जास्त. वर घर आणि ऑफिस धरून महिन्याला तीन लाखांवर खर्च चालूच आहे, त्यामुळे ४० लाखांच्या एफडी मोडून आता २७ राहिल्यात. जुनी फी येणंही कमी होत जाईल, म्हणजे असंच चाललं तर हे वर्षभर पुरतील. आणि त्यातूनच १२ लाखांचा पहिला चेक द्यायचा विचार आहे.

तुम्ही धरून चाललात की नाव गेलं म्हणजे शपथ जवळ आली. नाव जायचा रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती: हायकोर्टाचं कॉलेजियम (नावं सुचवणारं ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ), राज्य सरकार, केंद्राचं कायदा मंत्रालय, आयबीचा (केंद्रीय गुप्तचर खात्याचा) अहवाल, मग सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम, परत मंत्रालय, शेवटी राष्ट्रपतींची सही. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने या टप्प्यांना आठवड्यांचं वेळापत्रक घालून दिलं, आयबीला चार ते सहा, सरकारला आठ ते बारा असं, पण वेळापत्रक असणं वेगळं आणि पाळलं जाणं वेगळं. कर्नाटकचे ज्येष्ठ वकील आदित्य सोंधी यांचं नाव २०२१ च्या फेब्रुवारीत सुचवलं गेलं, सप्टेंबरमध्ये कॉलेजियमने पुन्हा पाठवलं, तरी हललं नाही, शेवटी वर्षभर थांबून त्यांनी संमती मागे घेतली. दिल्लीत सौरभ किरपाल यांचं नाव हायकोर्टाने २०१७ मध्ये सुचवलं, सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमने २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२३ मध्ये, तरी नेमणूक झाली नाही. ही दोन्ही माणसं लायक होती म्हणूनच नाव पुन्हा पाठवलं गेलं. तुमचं व्हावं असं मलाही मनापासून वाटतं, लवकर व्हावं. पण तारीख तुमच्या हातात नाही आणि जी तारीख हातात नाही तिच्यावर घरखर्च बांधता येत नाही.

तुम्ही लिहिलंय की नाव गेल्यावर अशिलांकडून फी घेणं बरं दिसत नाही. भावना समजते, चांगल्या माणसाची भावना आहे. पण शपथ होईपर्यंत तुम्ही वकील आहात, प्रॅक्टिस करायला काहीही आडकाठी नाही. उलट बघा, कॉलेजियमचे ठराव जाहीर व्हायचे त्यात बारमधून आलेल्या माणसाचं सरासरी व्यावसायिक उत्पन्न लिहिलेलं असायचं, प्रॅक्टिस किती मोठी, किती रिपोर्टेड निकालांत उभे राहिले तेही. म्हणजे चालती प्रॅक्टिस हाच त्या माणसाच्या बाजूचा एक मुद्दा धरला जातो. माझ्याकडे आलेले एक वकील असेच एकोणीस महिने थांबले होते, नाव परत आलं आणि तोपर्यंत त्यांचे नेहमीचे अशील दुसऱ्या चेंबरमध्ये रुळले होते, पुन्हा जम बसवायला तीन वर्षं गेली. पन्नाशीत तीन वर्षं फार असतात हो.

तेव्हा काम घ्या, फक्त निवडून घ्या. सेकंड अपील नको, ते वर्षानुवर्षं पडून राहतं आणि अर्धवट सोडावं लागेल. जामीन, अंतरिम अर्ज, तातडीची रिट, लेखी ओपिनियन, कॉन्फरन्स, महिन्या-दोन महिन्यांत मोकळं होणारं काम घ्या. अशिलाला पहिल्याच दिवशी सांगा की मध्येच सोडावं लागलं तर अमुक ज्युनिअर पुढे चालवेल, आणि वकीलपत्रावर त्यांचंही नाव घाला. नेमणुकीचं नोटिफिकेशन निघाल्यावर शपथेपर्यंत हातात थोडेच दिवस मिळतात, तेव्हा कुठली फाईल कोणाकडे जाणार याची यादी आजच करून ठेवा.

थकलेली फी २२ लाख आहे म्हणता. ती आत्ता मागा, या महिन्यात मागा. न्यायमूर्ती झाल्यावर जुन्या अशिलाला फीसाठी फोन करणं तुम्हाला जमणार नाही, आणि जमू नयेच. जेवढी येईल त्यातली निम्मी कर्जात घाला, निम्मी एफडीत परत. न्यायमूर्ती झाल्यानंतर आलेली फी करातून सुटत नाही, प्रॅक्टिस बंद झाली तरी ती उत्पन्नच धरली जाते, तेव्हा सीएंना ते आधीच सांगून ठेवा.

शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये महिन्याला "थोडंफार" करता तेही बंद करा. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींनी ७ मे १९९७ ला न्यायिक जीवनाच्या मूल्यांचा ठराव केला, त्यात शेअर्समध्ये सट्टा नको आणि व्यापार-धंद्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहभाग नको हे सरळ लिहिलंय. ज्या कंपनीचे शेअर्स आहेत तिचं प्रकरण समोर आलं तर ते उघड करावं लागतं. इंडेक्स फंडात, म्हणजे अनेक कंपन्यांचे शेअर्स एकत्र धरणाऱ्या फंडात, पैसे असले की ही डोकेदुखी बरीच कमी. मुलगी पुढे वकील झाली तर तुम्ही राहता त्या घरातून तिला काम करता येणार नाही, म्हणून खालचं चेंबर तिच्यासाठी सजवायचा खर्चही सध्या नको, शिवाय तुमची नेमणूक मुंबई, नागपूर, गोवा कुठेही होऊ शकते.

"६२ नंतर पुन्हा प्रॅक्टिस आणि आर्बिट्रेशन (लवादाचं काम), महिना ५ लाख" हे तुमच्या तक्त्यातून खोडून टाका. घटनेच्या कलम २२० प्रमाणे कायम न्यायमूर्ती राहिलेल्याला आपल्या हायकोर्टात आणि देशातल्या कुठल्याही खालच्या कोर्टात उभं राहता येत नाही, फक्त सुप्रीम कोर्ट आणि दुसऱ्या हायकोर्टांत. बासष्टीत नव्या शहरात नवी प्रॅक्टिस कितपत होते ते तुम्हीच बघा. आर्बिट्रेशन आलं तर उत्तम, तक्त्यात शून्य धरा, पेन्शन आहेच.

सुरुवातीला बहुधा दोन वर्षांसाठी अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून नेमतील, पुढे कायम. काही कारणाने कायम झालं नाही तरी पेन्शनचा प्रश्न आता बराच सुटलाय, जुलै २०२५ मध्ये बॉम्बे हायकोर्टाने राजीनामा दिलेल्या माजी अतिरिक्त न्यायमूर्तींनाही ती द्यायला सांगितलंय. कुटुंबाला फॅमिली पेन्शन असते, पण १ कोटीचं कर्ज त्यातून फिटणार नाही, म्हणून दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा) ६२ पर्यंतचा घ्या, आणि तो आत्ता घ्या, पन्नाशी उलटली की महाग होतो. जुन्या ४ लाखांच्या पॉलिसींची कागदपत्रं मला पाठवा, कुठली पेड-अप करायची, म्हणजे पुढचे हप्ते थांबवायचे, ते बघून सांगतो.

त्या मॅनेजरला आज फोन करून फॉर्म परत मागवा, आणि सोमवारी कारकुनाला सांगा, नव्या मॅटर्सची डायरी उघड म्हणून.