कॅमेरा पुढच्या वर्षी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मालवणला वीस मिनिटं पाण्याखाली राहून आलास आणि तेव्हापासून डोळे मिटले की मासेच दिसतात, असं लिहिलंयस. माझंही असंच झालं होतं. त्याला तीस वर्षं होऊन गेली, अजून ते वेड उतरलेलं नाही. शेवटी विचारतोस, पहिला कॅमेरा कोणता घेऊ? यंदा कोणताच घेऊ नकोस.

रागावू नकोस, नीट ऐक. त्या दिवशी तुझ्या हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटमधली हवा, तुझं वर-खाली होणं, सगळं मागे धरून असलेल्या माणसाच्या हातात होतं. फोटोत तुझ्याभोवती जमलेला माशांचा घोळका पाव चुरून बोलावलेला असतो. मला ते पाहवत नाही. आपलं रोजचं खाणं सोडून मासा माणसाच्या हाताकडे बघायला लागतो, आणि आपण त्याला समुद्र म्हणतो.

आधी कोर्स कर. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, अंदमानात स्वराज द्वीपला चांगल्या शाळा आहेत. पहिला कोर्स तीन-चार दिवसांचा, 18 मीटरपर्यंतचा. तिथे पहिली गोष्ट शिकवतील ती अशी, की श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर पाण्याचा दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती बाहेर जाते, रोखला असेल तर फुप्फुस फाडते. फोटो काढताना हात हलू नये म्हणून आपण नकळत श्वास धरतो, हे तुला जमिनीवरच्या कॅमेऱ्याने शिकवलेलं आहे. ही सवय मोडायला वेळ लागतो. कॅमेरा पुढच्या वर्षी म्हणते त्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असा तोल. अर्धा लिटर हवा जास्त आत घेतलीस की अर्ध्या किलोने हलका होतोस आणि सावकाश वर सरकतोस. सोडलीस की खाली. जॅकेटचं बटण न दाबता, हात न मारता, नुसत्या श्वासावर एका जागी आडवं राहता आलं पाहिजे. तळापासून वीतभर वर, पाच मिनिटं. हे येत नसताना हातात कॅमेरा घेतला की माणूस गुडघे टेकतो, फिन (पायात घालायची रबरी वल्ही) मारतो, तोल सावरायला प्रवाळ धरतो. माझ्याकडून झालंय. लक्षद्वीपला तिसऱ्या-चौथ्या डाइव्हला माझ्या फिनने एक फांदी मोडली. मोडताना आवाज आला नाही, हाताला काही जाणवलं नाही, मागे वळले तेव्हा पांढरं टोक दिसलं. मालवणच्या खडकांवर घुमटासारखी प्रवाळं आहेत, ती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. तिथला किनारा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पण पाण्यात कुंपण नसतं. तुझा गुडघा तूच आवरायचा.

कासवाचा पाठलाग करून फोटो घ्यायची इच्छाही तू लिहिली आहेस. कासव हवेवर जगतं, श्वासासाठी त्याला वर यावं लागतं. वर निघालेल्या कासवाच्या वाटेत तू आलास तर ते श्वास न घेताच पुन्हा खोल जातं. शिवाय असा मिळालेला फोटो नेहमी पाठमोराच असतो. तू थांब, ते चरत असेल तर चरू दे, आपणहून जवळ आलं तरच कॅमेरा उचल.

थांबणं म्हणजे काय ते सांगते. अंदमानात नऊ मीटरवर एका समुद्रफुलापाशी (फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटून राहणारा प्राणी) मी चाळीस मिनिटं होते. त्यात क्लाउनफिशची जोडी. पहिली दहा मिनिटं मोठी मादी माझ्या मास्कच्या काचेवर येऊन आपटत होती. मग तिने मला सोडून दिलं. तेव्हा कुठे मला नर दिसला : समुद्रफुलाच्या बुडाशी खडकावर अंड्यांचा नखभर रुंद पट्टा होता आणि तो कल्ल्यामागचे पर हलवून त्यांना वारा घालत होता. वारा कसला, पाणीच. पण मला आजीने तान्ह्याला घातलेला पंखा आठवला. मधेच एखादं मेलेलं अंडं तो तोंडाने उचलून दूर टाकी. अंड्यांत चंदेरी ठिपके दिसत होते. ते डोळे होते, म्हणजे पिल्लं एक-दोन दिवसांत बाहेर पडणार होती. या माशांत सगळे आधी नर असतात. मादी मेली तर हाच नर मादी होतो. मी तीनच फोटो घेतले. टाकीतल्या हवेचा दाब 70 बारवर आला होता. पुन्हा सांगते, दर दोन मिनिटांनी काटा बघायचा. काचेतून बघणाऱ्या डोळ्याला वेळ कळत नाही, आणि 50 बारला आपण बोटीवर असायला हवं.

आता कॅमेऱ्याचं थोडं, कारण तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. 18 मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. म्हणून फ्लॅश लागतो, आणि फ्लॅशचा उजेडही पाणीच खातं, म्हणून जवळ जायचं. एका हातापलीकडचा फोटो काढूच नये असं मी मानते. फ्लॅश लेन्सला चिकटून ठेवला की पाण्यातला कण न् कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. दोन फ्लॅश लावले तर त्यांचे दोन्ही दांडे बाहेर पसरून ठेवायचे. मालवणच्या पाण्यात प्लवक, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, भरपूर, तिथे मॅक्रो लेन्स, अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी. मोठं दृश्य टिपणारी रुंद लेन्स अंदमानात.

आणि घराची, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणी न शिरणाऱ्या हाउसिंगची, ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) रोज रात्री कंदिलाच्या उजेडात बघितल्यासारखी बघ. माझा एक निकॉनॉस, हाउसिंगशिवायच पाण्यात चालणारा जुना रिळाचा कॅमेरा, एका केसापायी गेला. माझाच केस, रबराच्या रिंगवर आडवा पडलेला. पाच मीटरवर काचेच्या आत पाण्याची बारीक रेघ दिसली आणि त्या रिळातले 36 फोटो गेले. त्यात एक गोष्ट पुन्हा मिळणारी नव्हती.

ते प्रवाळ होतं. 1998 साली समुद्र तापला आणि लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि बरंचसं अन्नही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी आठवडेच्या आठवडे गरम राहिलं की ते शेवाळ निघून जातं आणि खालचा सांगाडा दिसतो. त्यानंतर 2010, 2016, आणि 2024 मध्ये पुन्हा. मी ज्या बागेत डाइव्ह शिकले तिचे आधीचे फोटो माझ्याकडे अकरा उरलेत. मागच्या बाजूला तारीख, खोली, पाण्याचं तापमान असं लिहिलेले चारच. हेच चार आज अभ्यासकांच्या उपयोगाचे आहेत, बाकीचे सात नुसते सुंदर आहेत. मला त्याचं फार वाटतं. तू पहिल्या डाइव्हपासून वही ठेव. कॅमेरा नसला तरी वही ठेव.

आंग्रिया बँकेचं, त्या समुद्रातल्या बुडालेल्या प्रवाळपठाराचं, विचारलंयस. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, उघडा समुद्र, प्रवाळच वीसेक मीटरवर. जायचं, पण शंभर डाइव्ह झाल्यावर.

दिवाळीनंतर पाणी निवळतं. उधाण टाळ, भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, दिवस पंचांगात बघून ये. ओढ कमी असते आणि तळचा गाळ उठत नाही. सर्दी असेल तर येऊच नकोस, कान मोकळे होणार नाहीत. परतीचं विमान डाइव्हच्या दिवशी ठेवू नकोस, मधे एक पूर्ण दिवस सोड. मी किल्ल्यामागच्या एका खडकापाशी नेईन, जेमतेम सहा मीटर पाणी आहे. तिथे एका कपारीत गेली दोन वर्षं एक शेवंड (लॉब्स्टर) राहते. तिच्या मिशा हलायच्या थांबेपर्यंत तू स्थिर राहिलास, तर आपण कॅमेऱ्याचं बोलू.

तुझी,
मावशी