तुम्ही विचारलंत, मामांनी बालीहून आणलेला नागमोडी खंजीर, म्हणजे क्रिस, खरंच पाचशे वर्षं जुना असेल का?

तुमच्या मामांना विक्रेत्याने 'मजापहित काळातला (म्हणजे जावातल्या जुन्या साम्राज्याच्या काळातला), उल्केच्या लोखंडाचा' असं सांगितलं असेल, तर तो स्वतःच्याच बोलण्यात अडकलाय. जावातली प्रसिद्ध उल्का प्रंबाननची. तिचे तुकडे सुराकार्ताच्या राजवाड्यात आले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मजापहित तर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपलं होतं!

सुराबायात नोकरीला असताना मीही असाच एक क्रिस हौसेनं घेतला होता. पुढे मदुरा बेटावर सुमेनेपजवळ एका क्रिस घडवणाऱ्या लोहाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि हसला. म्हणाला, हा गंज अ‍ॅसिडचा आहे, सगळीकडे सारखाच खाल्लाय. खरी झीज कमी-जास्त असते.

आधी मूठ आणि म्यान विसरा. ती पिढीगणिक बदलतात, त्यामुळे त्यांच्यावरून पात्याचं वय कळत नाही. पातं उजेडात तिरपं धरा. निकेल असलेलं आणि नसलेलं लोखंड एकत्र ठोकून जी नक्षी उमटते तिला तिथे 'पामोर' म्हणतात. अशा दोन थरांच्या मध्ये पोलादाचा गाभा असतो, म्हणून धारेलगत साधी काळी पट्टी दिसायला हवी. नक्षी पार धारेच्या टोकापर्यंत तशीच गेली असेल, तर ती वरवर कोरलेली असू शकते. नखाला ती किंचित उठावदार लागते का, तेही बघा. वळणं मोजा: ती विषम असतात. सम भरली तर टोक मोडून नव्याने घासलं असण्याची शंका घ्या. सरळ पात्याचे क्रिसही भरपूर आहेत. नागमोडी म्हणजे जुना, हा समज चुकीचा.

जावातले जाणकार 'तांग्गुह' सांगतात, म्हणजे घडणीवरून काळ आणि प्रदेशाचा अंदाज. ती काही प्रयोगशाळेतली तारीख नव्हे. 'तांग्गुह मजापहित' याचा अर्थ बरेचदा 'त्या धाटणीचा' एवढाच.

आणि कृपा करून पितांबरीने घासू नका! काळा रंग सोमल (विषारी आर्सेनिक) आणि लिंबाच्या रसाने आणलेला असतो, घासलात तर नक्षी तर जाईलच, वर सोमल हाताला लागेल. हाताळून झाल्यावर हात धुवा. मूठ हस्तिदंती वाटली तर विकायचा विचार सोडा, आपल्याकडे त्याच्या व्यापारावर बंदी आहे.

पात्याच्या बुडाशी जी आडवी, बहुधा वेगळी बसवलेली पट्टी असते ती 'गंजा'. तिच्या सांध्याचा आणि धारेचा जवळून फोटो टाका, मग बोलू.