आई मेलेल्या माकडाच्या पिल्लाला दुसरी माकडीण सांभाळते का? आमच्या गच्चीवर असं एक पिल्लू आहे, घरी आणू का?

सांभाळते. निदान काळ्या तोंडाच्या वानरांत तरी सांभाळते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

कोकणात आमच्या घरामागे एक वानरी विजेच्या तारेला चिकटून खाली पडली ती गेलीच. पिल्लू बाजूला फेकलं गेलं होतं, ते सरपटत परत तिच्या पोटाशी गेलं. अंगाचा काळा रंग अजून उतरला नव्हता, इतकं तान्हं. शेजारचे काका पंचा घेऊन धावले, "घरी नेऊ, गाईचं दूध पाजू." मी आडवी गेले. टोळी समोरच्या फणसावरच होती. सगळ्यांना पडवीत मागे घेतलं. आधी एक तरणी वानरी उतरली. तिने पिल्लू उचललं ते उलटं, डोकं खाली. ते किंचाळतंय आणि हिला काही सुचत नाही. मग एक थोराड वानरी आली, पोटाला स्वतःचं पोर घेऊन. तिने नुसता हात पुढे केला, पिल्लू आपणहून तिच्या कुशीत शिरलं. संध्याकाळी एका बाजूला तिचं, दुसऱ्या बाजूला हे, अशी दोघं लुचत होती.

वानरांत बाळ पहिल्याच दिवसापासून इतर माद्यांच्या हातात फिरतं. आईला खायला उसंत मिळते, तरण्या माद्या पोर धरायला शिकतात.

आणि ती बिरबलाची गोष्ट, हौदात पाणी चढलं की माकडीण पिल्लालाच पायाखाली घेते! आमची लेक दत्तक आली तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी ती मला ऐकवली होती. म्हणे पोटच्या पोराचं हे, मग परक्याचं काय? साफ खोटं. वानरी मेलेलं पिल्लूसुद्धा कित्येक दिवस छातीशी धरून हिंडतात. पिल्लाच्या बाजूने बघायचं तर हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे माकडांवरचे 1950च्या दशकातले प्रयोग बघा. आईपासून तोडलेली पिल्लं दुधापुरती तारेच्या खोट्या आईकडे जायची, बाकी सगळा वेळ मऊ कापडाच्या आईला बिलगून. जवळ कोण घेतं, एवढंच पोराला कळतं. माझी लेकही पहिल्या रात्री माझा पदर मुठीत धरूनच झोपली.

तुमच्या पिल्लाचं म्हणाल तर टोळी जवळ असेपर्यंत लांब राहा, कुत्री हाकला, वनविभागाच्या 1926 वर फोन करा. घरी आणू नका; वानराचं असेल तर कायद्यानेही चालत नाही.

हो, लाल तोंडाची माकडं असतील तर गोष्ट वेगळी. त्यांच्या आया पोर सहजी कोणाच्या हाती देत नाहीत, आणि वरचढ मादीने उचललं तर परतही मिळत नाही. टोळीत दूध असलेली मादी नसेल तर तान्हं पिल्लू तगणं अवघड. वानरांतही नवा नर टोळी बळकावतो तेव्हा तान्ही पोरं मारतो; वानरांचा अभ्यास करणारे जपानी संशोधक सुगियामा यांनी 1960च्या दशकात धारवाडला आणि अमेरिकन संशोधक सारा हर्डी यांनी नंतर राजस्थानात माउंट अबूला हे पाहिलं. पण त्या नराच्या अंगावर धावून जाणाऱ्यांत स्वतःचं पोर नसलेल्या म्हाताऱ्या माद्या पुढे असायच्या, हेही हर्डीबाईंनीच नोंदवलंय. आमच्या त्या बाईंना हे कोणीतरी वाचून दाखवा.