दोन वर्षं की सत्तर?

पत्र: मावशी, सलाम. मी २७ वर्षांची, अहिल्यानगरला एका दवाखान्यात नर्स आहे. मला इंग्लंडला जायचंय. तिकडे प्रभू येशूची साक्ष देता येईल. ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दोनदा दिली, दोन्ही वेळा लेखनात अडकले. जानेवारीत उपवास-प्रार्थनेच्या सभेत एका बंधूंनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "याच वर्षी तुझं दार उघडेल." आता एक एजंट परीक्षेशिवाय पाठवतो म्हणतो, चार लाख मागतो. आई पाटल्या मोडायला तयार आहे. पप्पांना लकवा झालाय, त्यांना दुधात भाकरी कुस्करून मीच भरवते. माझं मन कचरतं, तर सभेतल्या बहिणी म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतोय. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे पैसे भरायचे, की इच्छाच सोडून द्यायची?

उत्तर: बाळा, सलाम.

आधी पाटल्यांचं बोलू. त्या मोडू देऊ नकोस. आपल्याकडे परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याची नोंदणी आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. शिवाय इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला इंग्रजीचा पुरावा लागतोच. तुझं मन कचरलं ते बरोबरच होतं. त्याला अविश्वास म्हणणाऱ्या बहिणींचं मनावर घेऊ नकोस.

आता त्या भविष्यवाणीचं. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २८वा अध्याय काढ. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाच्या गुलामीचं जू मोडेल, त्याने मंदिरातून नेलेली भांडी परत येतील, माणसंही परत येतील. त्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर असलेलं लाकडी जू काढून तो पुढे मोडूनही दाखवतो. आणि हनन्याचं बोलणं ऐकल्यावर यिर्मया आधी काय म्हणतो? "आमेन! परमेश्वर तसं करो." मी दर वेळी इथे थांबते. हनन्याचं खरं व्हावं असं यिर्मयालाही मनापासून वाटत होतं, पण तेवढ्यावरून त्याने ते देवाचं वचन मानलं नाही. पुढच्याच अध्यायात तो बंदिवासातल्या लोकांना पत्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, परतायला सत्तर वर्षं लागतील. आपण कॅलेंडरवर छापतो ते "हिताचे संकल्प" असलेलं ११वं वचन याच पत्रातलं आहे. सत्तर वर्षं त्याच्या आधीच्या, १०व्या वचनात आहेत. ते मी तरी कुणाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही.

त्या बंधूंचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण आपल्या मनात असतं तेच कुणी बोललं की आपण पटकन "प्रभू बोलला" म्हणतो. अशाच वेळी चार दिवस थांबावं, पाळकसाहेबांशी बोलावं.

मग इच्छा सोडायची का? नाही गं. गेथशेमाने बागेत प्रभूनेही आपली इच्छा आधी बोलूनच दाखवली, हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे त्याच्या नंतर आलं. आपण मात्र इच्छेला पांढरी साडी नेसवून देवापुढे नेतो. साक्ष द्यायची ओढ तुला असेलच, पण तिथला पगारही हवाय ना? घरातल्या आजारपणापासून थोडी सुटकाही? तेही सांग त्याला. त्याच्यापासून लपवून त्याच्यावर भरवसा कसा ठेवशील?

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ऐकू येणं कमी होत गेलं आणि ती वाट बंद झाली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात सापडलेल्या किती मुलींना त्यांनी आसरा दिला, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण म्हणून "एक दार बंद झालं की देव मोठं दार उघडतो" असं मी तुला सांगणार नाही. रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली, त्यांच्या आधी. त्या दुःखातही त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. भरवसा म्हटलं की मला त्यांचं ते शेवटचं वर्ष आठवतं.

तू परीक्षा तिसऱ्यांदा जरूर दे, स्वतःच्या पगारातून. लेखनाच्या पेपरात एका रुग्णाबद्दल पत्रच लिहायचं असतं: पाच मिनिटं वाचायला, चाळीस लिहायला. रोज ड्युटीवरून आल्यावर घड्याळ लावून एक पत्र लिही. पास झालीस तर पुढचं बघू. नाही झालीस तर त्यावरून तुझ्या विश्वासाचं माप कुणालाही काढू देऊ नकोस.

आणि एक. तुझ्या पत्रात बंधूंचं मत आहे, बहिणींचं आहे, आईचं आणि एजंटचंही आहे. पप्पांचं नाही. आज रात्री भाकरी कुस्करताना त्यांना विचार.

तुझी मावशी