ढग आले तर? ग्रहणाला जावं की नाही, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका. 12 ऑगस्ट 2026 ला स्पेनमध्ये खग्रास सूर्यग्रहण आहे, मुलगी जर्मनीत शिकते, तिने ओव्हिएदो गावात हॉटेल बुक केलंय कारण तिथे खग्रास स्थिती जास्त वेळ आहे म्हणे. आम्ही दोघं नाशिकहून जाणार, व्हिसा-तिकीट सगळं धरून साडेतीन लाखांच्या आसपास जातंय. आता हे रोज मोबाइलवर वेदर ऍप उघडून बघतात आणि म्हणतात बघ त्या दिवशी ढग दाखवतंय, पैसे पाण्यात. मला लहानपणापासून हे एकदा बघायचंय. जावं का?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, जा. आधी हे सांगून टाकतो, बाकीचं नंतर.

पण ओव्हिएदोचं हॉटेल मुलीला पुन्हा बघायला सांगा. ओव्हिएदोला खग्रास स्थिती साधारण 1 मिनिट 48 सेकंद आहे, आणि डोंगर ओलांडून दक्षिणेला बुर्गोसला 1 मिनिट 44 सेकंद. म्हणजे फरक फक्त चार सेकंदांचा, आणि त्या चार सेकंदांसाठी तुम्ही ढगांच्या बाजूला जाऊन बसताय. स्पेनचा उत्तर किनारा आपल्या कोकणासारखा समजा, समुद्रावरून ओलं वारं येतं, कान्ताब्रियन डोंगरांवर अडतं आणि अलीकडच्या बाजूलाच ढग आणि पाऊस टाकतं, म्हणून तो भाग हिरवागार आहे. डोंगरापलीकडे लिओन, पालेन्सिया, बुर्गोस हा सगळा कोरडा पठारी भाग, आपल्याकडे घाट चढून देशावर यावं तसा. ऑगस्टमध्ये तिथे आकाश मोकळं मिळण्याची शक्यता किनाऱ्यापेक्षा बरीच जास्त. गॅरंटी नाही, पण सेकंदांपेक्षा आकाश निवडायचं हे माझं पक्कं मत आहे, आणि ते मी किंमत मोजून बनवलेलं आहे.

22 जुलै 2009 ला आम्ही आठ जण सुरतजवळ गेलो होतो. दिव्याची अवस होती, घरून आई म्हणाली पण होती की भर आषाढात कुठे आकाश बघायला निघालात. सूर्य उगवून जेमतेम पंधरा-वीस मिनिटं झालेली आणि खग्रास. आम्ही रात्रीच एका शेताच्या बांधावर जागा धरून बसलो, डोक्यावर बऱ्यापैकी तारे दिसत होते म्हणून खूश होतो, आणि पहाटे पूर्वेला क्षितिजावर जी राखाडी भिंत उभी राहिली ती हललीच नाही. सूर्य त्या भिंतीच्या मागे, डोक्यावरच्या मोकळ्या आकाशाचा काडीचा उपयोग नाही.

हे तुम्हाला का सांगतोय, तर स्पेनमध्ये नेमकं हेच उलट्या बाजूला होणार आहे. तिथलं ग्रहण संध्याकाळी साधारण साडेआठला आहे, सूर्य मावळतीला आलेला असेल, बुर्गोसच्या बाजूला क्षितिजापासून 8 अंशांच्या आसपास आणि पूर्वेला व्हॅलेन्सियाकडे तर त्याच्याही निम्म्यावर. हात समोर ताठ धरून मूठ वळली की ती मूठ साधारण 10 अंश, म्हणजे सूर्य एका मुठीपेक्षाही खाली. आता गणित बघा. सूर्य 10 अंशांवर असेल तर 2 किलोमीटर उंचीवरचा जो ढग त्याला झाकणार तो तुमच्यापासून 11 किलोमीटर लांब असतो, आणि 10 किलोमीटर उंचीवरचा पिसासारखा ढग असेल तर तो तब्बल 55-60 किलोमीटर लांबचा. सूर्य 5 अंशांवर असेल तर हेच आकडे दुप्पट. म्हणजे तुमच्या हॉटेलच्या गावाचं हवामान ऍपवर बघून काही कळणार नाही, तुम्हाला तुमच्या पश्चिमेचं, जरासं उत्तरेकडे कलून, 50-100 किलोमीटर लांबचं आकाश बघायचंय. आणि दुसरी गोष्ट, कापसासारखे सुटे ढग डोक्यावर असतात तेव्हा मधल्या फटी दिसतात, पण तेच तिरपे बघितले की एकामागे एक येऊन फटी बुजतात. अर्धं आकाश मोकळं असलं तरी क्षितिजाजवळ सगळं बंद वाटू शकतं.

आता तुमच्या यजमानांच्या ऍपबद्दल. ताई, दोन-तीन आठवडे आधी ऍप जे ढगाचं चित्र दाखवतं त्याला काही अर्थ नसतो, ते बहुतेक मागच्या वर्षांच्या सरासरीवरून काढलेलं असतं. त्यांना सांगा दहा दिवस उरेपर्यंत उघडूच नका. पाच-सहा दिवस उरले की मोठं चित्र कळायला लागतं, अटलांटिककडून एखादी पावसाळी पट्टी येतेय का वगैरे. युरोपचं हवामान केंद्र एकच अंदाज देत नाही, सुरुवातीच्या आकड्यांत थोडा थोडा बदल करून तेच मॉडेल 50 वेळा चालवतात, आणि त्या 50 पैकी 40 मध्ये आकाश मोकळं आलं तर विश्वास ठेवायला जागा आहे, 25-25 आलं तर अजून कोणालाच माहीत नाही असं समजायचं. शेवटचा निर्णय आदल्या संध्याकाळी, आणि खरा निर्णय त्या दिवशी दुपारी उपग्रहाची चित्रं बघून. ती दर 10-15 मिनिटांनी नवीन येतात, मागची दोन तासांची एकामागोमाग एक चालवून बघायची, ढग वाढतायत की विरतायत, कुठे सरकतायत ते डोळ्याला लगेच कळतं, त्यासाठी शास्त्रज्ञ असायला लागत नाही.

याचाच अर्थ असा की तुमच्याकडे गाडी पाहिजे. मुलीकडे लायसन्स असेल तर उत्तमच, तुम्ही चालवणार असाल तर इथल्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, आणि तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात हे लक्षात ठेवा. जिथून खग्रास दिसतं त्या पट्ट्याच्या मधोमध मुक्काम असा धरा की तिथून पश्चिमेला लिओनकडे किंवा पूर्वेला सोरियाकडे दोन-अडीच तासांत पोचता येईल. आणखी पूर्वेला तेरुएलच्या डोंगराळ भागात ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी ढग तयार होतात आणि त्यांची वरची चादर संध्याकाळी लांबवर पसरते, म्हणून मी असतो तर तिकडे आधीपासून जाऊन बसलो नसतो. आणि दुपारी तीन-चारच्या आत जिथे थांबायचं तिथे पोचा, शेवटच्या तासात पळापळ केली की ट्रॅफिकमध्ये अडकून ग्रहण गाडीच्या काचेतून बघायची वेळ येते.

सरासरीवर सुद्धा किती विसंबायचं याचं एक उदाहरण देतो. 8 एप्रिल 2024 चं अमेरिकेतलं ग्रहण, वर्षानुवर्षांचे ढगांचे आकडे सांगत होते की टेक्सास चांगलं आणि वरती व्हर्माँट, मेन म्हणजे एप्रिलमध्ये ढगच ढग. प्रत्यक्षात टेक्सासमध्ये ढगांची लपाछपी आणि व्हर्माँटला लख्ख निळं आकाश. माझी मावसबहीण डॅलसला राहते, तिच्याकडे मी आठवडाभर आधी जाऊन रोज अंदाज बघत होतो आणि रोज जीव खाली-वर. आदल्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी सगळं आकाश मळभट, मग बारानंतर भोकं पडायला लागली, आणि दुपारी 1:40 ला जेव्हा खग्रास लागलं तेव्हा आमच्या डोक्यावर नेमकी मोठी फट होती. ग्रहणाचा चष्मा काढला, काळी गोल चकती, भोवती पांढरं रेशीम उलगडल्यासारखी प्रभा, आणि चकतीच्या खालच्या कडेला एक गुलाबी ठिपका, नुसत्या डोळ्यांना दिसणारा, तो सूर्यावरून उठलेला वायूचा लोळ होता. बहिणीचा मुलगा बारा वर्षांचा, तो माझा हात इतका घट्ट धरून होता की नंतर बोटं दुखत होती. पावणेचार मिनिटं. मी एकही फोटो काढला नाही आणि तुम्हीपण काढू नका.

एक आशेची गोष्ट पण आहे. जमीन तापून जे कापसासारखे सखल ढग बनतात ते ग्रहण लागलं की बऱ्याचदा विरायला लागतात, कारण ऊन कमी होतं, जमीन निवते, खालून वर जाणारी हवा थांबते. सूर्य पूर्ण झाकायच्या बराच आधीपासून हे होतं. पण हे फक्त जमिनीवरच्या त्या ढगांचं, समुद्रावरून आलेली चादर किंवा उंचावरचे पिसाचे ढग असे जात नाहीत. पातळ पिसाचे ढग असले तर घाबरू नका, त्यातूनही प्रभा दिसते, जरा धुरकट एवढंच.

आणि सगळं करूनही ढग आलेच तर? ताई, सुरतला आम्हाला सूर्य दिसला नाही, पण सहा वाजून वीस-एकवीस मिनिटांनी जे झालं ते मी विसरलेलो नाही. उजाडलेली सकाळ कोणीतरी वरून झाकण ठेवावं तशी मिनिटाभरात मिटली. बांधाजवळ चहाची टपरी होती, तिच्या स्टोव्हची निळी ज्योत त्याआधी दिसतही नव्हती, ती एकदम लख्ख दिसायला लागली, टपरीवाला हातातलं गाळणं तसंच धरून उभा. कावळे बाभळीवर परत आले आणि गप्प झाले. तीन मिनिटांनी पुन्हा सकाळ झाली. मी त्या दिवशी रडलो, थोडं निराशेने आणि थोडं कशाने ते मलाही सांगता येणार नाही. यजमानांना हे वाचून दाखवा. पैसे पूर्ण पाण्यात जातात असं होत नाही, आणि त्याच रात्री पर्सीड्सचा उल्कावर्षाव आहे, चंद्र नसणार, आकाश उघडलं तर तोही बघा.

प्रश्न : माझा मित्र माद्रिदला असतो. तो म्हणतो इथूनच 99 टक्क्यांच्या वर सूर्य झाकलेला दिसणार आहे, उगाच ढगांच्या मागे धावत कशाला बाहेर जायचं, गच्चीतूनच बघू. चालेल ना?
— पुणे

उत्तर : नाही चालणार. उरलेला एक टक्का सूर्य सुद्धा एवढा प्रखर असतो की प्रभा दिसत नाही, अंधार पडत नाही, चष्मा शेवटपर्यंत काढता येत नाही. 99 आणि 100 मध्ये एक टक्क्याचा फरक नाही, ते दोन वेगळे अनुभव आहेत. माद्रिद पट्ट्याच्या जरासं बाहेर राहतं, बार्सिलोना पण तसंच. बुर्गोस माद्रिदपासून साधारण 240 किलोमीटर, म्हणजे तुमच्या पुण्याहून कोल्हापूरएवढं. मित्राला सकाळीच गाडी काढायला सांगा, आणि परत येताना त्याच रात्री निघायची घाई करू नका, सगळे एकदम निघतात.

प्रश्न : वय 68, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू. आयुष्यात एकदाच जमेल असं वाटतं. 2026 ला स्पेन की 2027 ला इजिप्त? ढगांची धाकधूक मला झेपणार नाही. भारतात आता कधी आहे?
— कोल्हापूर

उत्तर : दादा, तुम्ही 2 ऑगस्ट 2027 ला लक्झरला जा. तिथे ऑगस्टमध्ये ढग जवळजवळ नसतातच, आणि खग्रास स्थिती 6 मिनिटांच्या वर आहे, स्पेनच्या तिपटीहून जास्त. गाडी घेऊन धावपळ नाही, हॉटेलच्या अंगणातून दिसेल. अडचण उन्हाची आहे, दुपारी एकच्या सुमाराला सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि तापमान 40 च्या वर जातं, म्हणून सावलीत खुर्ची टाकून बसायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांना बाहेर यायचं. सूर्य डोक्यावर म्हणजे मान वर करून बघवणार नाही, तेव्हा मागे झुकणारी आरामखुर्ची मिळेल का ते बुक करतानाच विचारा. गोळ्यांबद्दल आणि उन्हाबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. त्याच दिवशी इकडे पश्चिम भारतातही ते खंडग्रास दिसणार आहे, पण पुन्हा आषाढी अमावस्याच, आपल्याकडे पाऊस.

भारतात पुढचं खग्रास 20 मार्च 2034 ला, तेही वर लडाखच्या बाजूला, थंडी आणि उंची दोन्ही. आपल्या महाराष्ट्रावरून एकदा भर हिवाळ्यात पट्टा गेला होता, 22 जानेवारी 1898 ला, तेव्हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला तळ ठोकून होते आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला. जेऊरला अमेरिकेतून लिक वेधशाळेची मंडळी पण आली होती, बोटीने, महिनोन्महिने आधी निघून, ना उपग्रह ना अंदाज. तुम्हाला मुंबईहून कैरो आणि तिथून लक्झरला एक लहान विमान, एवढंच आहे. पासपोर्टची मुदत 2028 पर्यंत आहे ना ते आज बघून घ्या.